तेलखडूची खूण

"या छतातनं एक थेंब जरी खाली आला," आमचे कंत्राटदार मगदूम आण्णा म्हणाले, "तर टॉर्च मी दुसऱ्याच्या हातात देणार. बाळकूला सांग."

बाळकू तिथंच होता. आण्णांपासून चार हातांवर उकिडवा बसून तो डांबर तापवायच्या टॉर्चच्या गॅसनळीला साबणाचं पाणी लावत होता आणि बुडबुडा येतो का बघत होता. पण त्या दिवसांत लोक त्याच्याशी असंच बोलायचे. तो शेजारी असला तरी निरोप माझ्याकडं.

मी वळलो. "बाळकू, आण्णा म्हणत्यात—"

"ऐकलं," बाळकू म्हणाला.

मिरजेतली गोष्ट आहे. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरभाईंचा कारखाना होता, त्याची गच्ची. साल नव्वद असेल, नाहीतर एक्क्याण्णव. नक्की विचारू नका. मी साल सांगितलं की लोक एकमेकांकडं बघतात. आमच्या गावच्या विहिरीत सकाळी सोडलेली बादली संध्याकाळी शेजारच्या तालुक्यात निघते, असं मी एका इंजिनिअरला पटवलं होतं. त्यानं वहीत लिहूनही घेतलं. तेव्हापासून आण्णांचा माझ्याबद्दल एकच नियम होता. शिदूच्या बोलण्यावर जायचं नाही, शिदूच्या खुणेवर जायचं.

खूण म्हणजे पांढऱ्या तेलखडूची. गच्चीवर घालायची डांबराची शीट तेव्हा आमच्याकडं नवीन होती. सतरंजीसारखी गुंडाळी येते. पोटाला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. टॉर्चच्या ज्योतीनं तो पापुद्रा जळला आणि डांबर चकाकून ओलं दिसायला लागलं की पायानं गुंडाळी पुढं लोटायची, ती चिकटत जाते. दुसरी पट्टी पहिलीवर तळहाताएवढी चढवायची. तो लॅप. छताचं मरण आणि जगणं त्या लॅपमध्ये. ज्योत नीट लागली असेल तर लॅपच्या कडेनं डांबराची बारीक दोरी बाहेर येते. बाळकू टॉर्च मारायचा, मी मागून लोखंडी रोलर फिरवायचो. लॅप थंड झाला की थापीचं टोक कडेत घालायचं. घुसलं नाही तर तेलखडूनं बारीक बरोबरची खूण करायची आणि हातभर पुढं सरकायचं. घुसलं तर बाळकूला हाक मारायची. एवढंच माझं काम होतं.

बाळकूची मुलगी नंदा कार्तिकात गेली. नऊ वर्षांची होती. कावीळ. बाराव्यानंतर तो कामावर आला. रडला नाही, काही नाही. डबा खायचा, अर्धा परत न्यायचा. बोलायचा, पण ताजव्यात घालून, लागेल तेवढंच. असे पाच महिने गेले होते. आधी हा माणूस असा हसायचा की परातीतलं सिमेंट सांडायचं.

"माणूस जागेवर नाही त्यो," आण्णा मला खाली जिन्यात म्हणाले होते. "ज्योत हातात असताना माणूस जागेवर पाहिजे. थोडे दिवस बसू दे घरात."

"घरात बसला तर उठायचा न्हाई आण्णा. टॉर्च हाय म्हणून सकाळी पायात चप्पल घालतोय."

"आणि छत गळलं तर? खाली सतारीचे भोपळे हैत दस्तगीरभाईंचे. चार-चार वर्षं वाळवलेले."

"मी हाय की मागं. येकेक लॅप बघतो."

"तुझ्या शब्दावर?"

"शब्दावर नगं. खडूवर."

त्यावर आण्णा जिना चढून वर आले आणि ते थेंबाचं बोलले. तेव्हा गोष्ट इतकी सरळ होती. थेंब नाही आला तर टॉर्च बाळकूची.

पहिल्या संध्याकाळी बाळकूनं स्लॅबवर हातभर प्लॅस्टिकचा कागद ठेवला आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. सकाळी उचलला तर आतल्या बाजूला दव धरलेलं.

"ओल हाय," तो म्हणाला. "अजून दोन दिवस."

"वरनं तर खडखडीत वाळलाय," मी म्हणालो.

"पोटात हाय. कोंडली तर उन्हानं वाफ होणार, आन शीटला फोड येणार."

दोन दिवस आम्ही थांबलो. त्या दोन दिवसांत त्यानं गच्चीच्या चारी भिंतींच्या पायथ्याला सिमेंटचा वाटा मारला. भिंत आणि स्लॅब यांचा काटकोन असतो, त्यात शीट दुमडली की पुढं तिथंच चिरते. म्हणून कोपरा भरून गोल करून घ्यायचा. बाळकू त्यावर हलक्या हातानं करणी फिरवत होता. पाणी जायच्या पाइपाचं तोंड त्यानं आधी केलं. उताराच्या खालच्या बाजूनं पहिली पट्टी टाकली, म्हणजे पाणी लॅपवरून ओघळेल, लॅपमध्ये शिरणार नाही. माणूस जागेवर नाही म्हणणाऱ्यानं त्याचे हात बघायला पाहिजे होते. हात होते जागेवर. बाकीचा कुठं होता ते माहीत नाही.

दस्तगीरभाई चहा घेऊन वर यायचे. सत्तरीचा माणूस, पांढरी बंडी, बोटं फणसाच्या गऱ्यासारखी जाड. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यावर आधी टिचकी मारायचे. कपावरही.

"बाळकू," ते म्हणाले, "भोपळ्याला पाणी लागलं की काय होतं माहिताय?"

"कुजतो."

"लगेच न्हाई रे बाबा. दिसायला तसाच दिसतो. फक्त बोलायचा थांबतो. मग त्याला कितीबी तारा लावा."

बाळकूनं चहा संपवला आणि कप उपडा ठेवला. दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

मी पाच महिने गोष्टी सांगत होतो. प्रत्येक गच्चीवर, रोलर फिरवत फिरवत. विहिरीची सांगितली, जावयाला चावून स्वतःच आजारी पडलेल्या सापाची सांगितली. पूर्वी ज्यावर तो पोट धरून बसायचा त्या सगळ्या. तो ज्योत हलवत पुढं जायचा. मधेच म्हणायचा, "रोलर." म्हणजे मागं राहिलास, पुढं ये.

सहाव्या पट्टीवर मी काकाची काढली. ही नवी होती, तिथल्या तिथं बनवलेली.

"माझा एक काका होता," मी म्हणालो, "गणपा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय. नव्या डांबरावर झोपला उघड्या अंगानं. दुपार झाली तरी उठंना. का? तर डांबर वितळून पाठीला धरलेलं. चौघांनी ओढला. काका उठला, पण छतासकट. सगळी शीट पाठीला. आन त्याच दिवशी त्याला मुलगी बघायला जायचं."

बाळकूची ज्योत डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

"गेला तसाच. दारातनं आत जाईना, म्हणून अंगणात बसवला. पोरीचा बाप म्हणाला, पाव्हणं, मुलाला डोक्यावर छप्पर हाय का सोताचं? आमचा आजा म्हणाला, आणलंय की बरोबर. तेवढ्यात वळीव आला. पोरीकडची, पोराकडची, चहावाला, बामण, सगळी काकाच्या पाठीखाली. काका वाकून हुबा. आन येक थेंब खाली न्हाई!"

गुंडाळी सरकत होती. ज्योतीचा फुरफुर आवाज. मला वाटलं, ही पण गेली वाया.

"शिदू," बाळकू मान न वळवता म्हणाला, "वाटा कुठं मारलेला त्याला?"

"मानेपाशी," मी म्हणालो.

आणि तो हसला.

आधी नुसते खांदे हलले. मग तो जुना आवाज आला, परातीतलं सिमेंट सांडणारा. खालून दस्तगीरभाईंच्या कारखान्यातलं घासणं थांबलं. बाळकू हसत होता, डोळे मिटून. "मानेपाशी," तो म्हणाला, "मानेपाशी, च्यामायला." आणि परत हसला.

मग थांबला. ज्योत खाली आली आणि आम्ही पुढं निघालो. मी रोलर फिरवला. लॅप थंड झाल्यावर मागं आलो, खुणा करत करत पट्टी संपवली. त्या दिवशी त्यानं डबा पुरा खाल्ला.

दोन दिवसांनी काम संपलं. पाइपाच्या तोंडाला बोळे घातले, गच्चीत तीन बोटं पाणी सोडलं. तीन दिवस ते तसंच ठेवायचं. हीच परीक्षा. पाऊस यायच्या आधी आपणच पाऊस पाडून बघायचा. दस्तगीरभाईंनी भोपळे भावाच्या घरी हलवले होते. एकच ठेवला, मधल्या कडीला टांगून.

"हा माझा पहारेकरी," ते म्हणाले.

मी रोज दोनदा जाऊन छताचं पोट बघायचो. पहिला दिवस कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्या दिवशी दुपारी दस्तगीरभाईंचा निरोप आला की वर जाऊ नको, आधी खाली ये.

ते स्टुलावर बसले होते. भोपळा त्यांच्या मांडीवर होता.

"जेवून पडलो होतो," ते म्हणाले. "कुणीतरी भोपळ्यावर टिचकी मारली. मी म्हटलं, कोण आलं? कुणी न्हाई. मग परत मारली."

भोपळ्याच्या खांद्यावर बोटाएवढा ओला डाग होता.

मगदूम आण्णा आले. मागोमाग बाळकू. बोळे काढले, पाणी गेलं, फडक्यानं शीट पुसून काढली. उन्हानं अर्ध्या तासात काळी गच्ची कोरडी झाली. तिच्यावर माझ्या पांढऱ्या खुणा, हातभराला एक, रांगेत. तेलखडू पाण्यानं जात नाही.

"थेंब पडला तिथंच वर भोक असतं असं न्हाई," बाळकू म्हणाला. "पाणी स्लॅबमधनं कुठंबी फिरतंय. सगळे लॅप बघाय पायजेत."

"बघ," आण्णा म्हणाले. पण ते टॉर्चकडं बघत होते. टॉर्च भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"थापी घालत बसलात तर दिवस जाईल," दस्तगीरभाई म्हणाले. "सरका." ते गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या पट्टीच्या लॅपवर बोटाच्या मागच्या सांध्यानं टकटक केलं. कान खाली. मग वीतभर पुढं. टकटक.

"हे काय?" आण्णा म्हणाले.

"भोपळा घेताना असंच बघतो आम्ही. भरीव आवाज वेगळा, आत सुटलं असलं की वेगळा. गप ऱ्हावा जरा."

पहिली पट्टी झाली. दुसरी झाली. म्हातारा गुडघ्यांवर सरकत होता आणि त्याच्यामागून आम्ही तिघं, पालखीमागून चालावं तसे, एक पाऊल, एक पाऊल. तिसरी. चौथी. शीट तापलेली, माझे तळपाय भाजत होते, मला ते उशिरा कळलं. पाचवीच्या शेवटाला दस्तगीरभाई थांबले, पाठीवर हात ठेवून सरळ झाले, परत वाकले.

मला वाटलं, सहावीवर ते दमतील. मला वाटलं, गल्लीतून एखादी रिक्षा जाईल, हॉर्न वाजेल आणि तेवढी जागा ऐकायची राहील. माणसाला काय काय वाटतं. गल्लीत सगळं शांत होतं.

टकटक. टकटक. टकटक.

मग एक आवाज आला, जरा फुगलेला.

"इथं," दस्तगीरभाई म्हणाले. "इथं पोकळ बोलतंय."

बाळकूनं थापीचं टोक कडेत घातलं. ते आत गेलं. अडलं नाही. त्यानं थापी बाजूला सरकवली, ती लोण्यातून जावी तशी गेली. दीड वीत. त्यानं कड उचलली. खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा होता तसा होता, लिमलेटच्या गोळीच्या कागदासारखा चकचकीत. ज्योत तिथं लागलीच नव्हती.

आणि उचललेल्या कडेवर, बरोबर मधोमध, पांढरी खूण.

आण्णा वाकले. खुणेवरून अंगठा फिरवला.

"ही कुणाची?"

"आण्णा, त्याचं काय झालं," मी म्हणालो, "परवा इथं एक मांजर आलेलं, बोका, ह्यो येवढा, त्यानं नखानं—"

"शिदू," आण्णांनी अडवलं.



"मी हसलो इथं," बाळकू म्हणाला.

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं.

"ह्यानं काकाची गोष्ट सांगितली. मी हसलो. ज्योत वर गेली, पाय चालत ऱ्हायला. मला कळलं न्हाई." तो उठला, भिंतीपाशी गेला, टॉर्च घेऊन आला आणि आण्णांच्या पायापाशी ठेवली. "थेंब आला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. रिकामी बादली ठेवावी तसं त्यानं ते ठेवलं.

आण्णा टॉर्चकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"तू मागं होतास."

"व्हय."

"ज्योत उचललेली बघितलीस?"

"व्हय."

"थापी घातलीस इथं?"

"न्हाई."

"मग खूण?"

माझा हात खिशातल्या खडूवर गेला. सापाला जावई चावला की जावयाला साप, एवढं सगळं ज्याला कधी अडलं नाही, त्याला एक शब्द मिळेना.

"हात कुणाचाबी वर जातो," आण्णा म्हणाले. "शिंक येते, ठसका लागतो. माझा न्हाई जाणार? म्हणून तर मागं माणूस ठेवलाय." त्यांनी तळहात पुढं केला. "दे."

मी खिशातून तेलखडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. अर्धा उरला होता. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पायानं टॉर्च बाळकूकडं सरकवली.

"पेटव."

बाळकूनं दीड वीत पापुद्रा जाळला, डांबर ओलं केलं, कड दाबली. वरून आणखी एक हातभराची पट्टी चढवली. रोलर आण्णांनी फिरवला. मी उभा होतो. थंड झाल्यावर दस्तगीरभाईंनी बोटाच्या सांध्यानं टकटक केलं.

"भरीव बोलला," ते म्हणाले.

परत पाणी सोडलं, परत तीन दिवस. भोपळा टांगलेलाच होता. त्याला कुणी टिचकी मारली नाही.

त्या दुपारी नळी गुंडाळताना बाळकू मला म्हणाला, "मला थांबवायचं हुतंस."

"तू हसत हुतास," मी म्हणालो.

"मग?"

"पाच महिन्यांनी हसलास. तेवढ्यात म्हणू, बाळकू, ज्योत उचलली, मागं ये? म्हटलं, हसू दे. मागनं थापी घालायला आलो तर तू पुढं गुणगुणत हुतास. मग खूणच केली."

त्यानं नळीचा वेढा टाकीवर बसवला.

"हसू काय लॅपमधनं पळालं असतं?" तो म्हणाला. दव बघून 'अजून दोन दिवस' म्हणाला होता, त्याच आवाजात.

मला खडू परत मिळाला नाही. पुढं मी गुंडाळ्या वाहिल्या, प्रायमर मारला, झाडलं. लॅप बघायला आण्णांनी दुसरा माणूस ठेवला, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. मी गच्चीवर गोष्टी सांगायचं बंद केलं. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर आम्ही जयसिंगपूरला एका दवाखान्याच्या गच्चीवर होतो. कार्तिक होता. नंदाला जाऊन वर्ष होत होतं. मी गुंडाळी आणून उतरवली, सुतळी कापली. बाळकूनं टॉर्च पेटवली, ज्योत बारीक केली, आणि उभाच राहिला.

"काकाचं पुढं काय झालं?" तो म्हणाला.

"कुठल्या?"

"छतवाल्या. लगीन झालं का त्याचं?"

मी त्याच्या हाताकडं बघितलं.

"आधी ती विझव," मी म्हणालो.

त्यानं चावी फिरवली. फुरफुर थांबली. तो गुंडाळीवर बसला, टॉर्च दोन पायांच्या मधे ठेवली, माझ्याकडं वळला. मग मी काकाचं लग्न लावलं. अक्षता खालून वर टाकाव्या लागल्या ते सांगितलं, वरातीत घोड्यानं मान वर करून बघितलं तर आभाळच नाही म्हणून घोडा जागेवर झोपला ते सांगितलं. बरंच लांबवलं. तो हसला नाही. पण गोष्ट संपेपर्यंत त्यानं ज्योत पेटवली नाही.